खाऱ्या टाकीची अल्कलिनिटी मोजायची तर आधी आपलं मोजमाप तपासा

माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत दिवसाला साधारण ०.२ डीकेएच अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, खर्च होते (डीकेएच हे ती मोजायचं एकक). बाजारात मिळणारं चांगलं किट घेऊन तेच पाणी लागोपाठ दोनदा तपासलं, तर रीडिंगमध्ये ०.३ चा फरक सहज पडतो. म्हणजे जे बघायचं आहे ते मोजपट्टीच्या सर्वांत बारीक रेघेपेक्षाही लहान आहे. हे लक्षात न घेता रोज संध्याकाळी आकडा काढायचा आणि त्यावर डोसिंग पंप (खर्च झालेली अल्कलिनिटी भरून काढणारं द्रावण टाकीत सोडणारा) कमी-जास्त करायचा, असं अनेक घरांत चालतं. मग अल्क, म्हणजे अल्कलिनिटी, स्थिर राहत नाही म्हणून किट बदलतात, मीठ बदलतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आपलं मोजमाप किती चुकतं ते आधी शोधून काढावं, ती चूक रोज सारखीच राहील अशी काळजी घ्यावी आणि मगच टाकीबद्दल काही ठरवावं.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी बोरिवलीला राहते आणि कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. अकरावी-बारावीच्या मुलांसमोर ब्युरेट-पिपेट मांडून ठेवणं, द्रावणं तयार करणं आणि ती बरोबर झाली का ते तपासणं हे माझं रोजचं काम. घरी हॉलमध्ये तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी आहे. दगड वजा करून आणि सम्प (मुख्य टाकीखालची जोडटाकी) धरून त्यात अंदाजे १६० लिटर पाणी आहे. मऊ प्रवाळ, झोअँथिड, मश्रूम, एक क्लाऊनफिशची जोडी, गोगलगायी, आणि दगडांवर व मागच्या काचेवर जांभळ्या-गुलाबी कोरलाईन शैवालाचा जाड थर. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ते सगळे आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावरून त्यांचा तुकडासुद्धा उचलणं गुन्हा आहे. पण कोरलाईन शैवाल आणि गोगलगायीही शरीरात चुना बांधतातच. त्यामुळे माझ्या टाकीत अल्कलिनिटी हळू पण सतत उतरते, आणि उतार मंद असल्यामुळेच मोजमाप जास्त काटेकोर लागतं.

एवढ्या सगळ्या चाचण्यांत अल्कलिनिटीच आधी का? चुना बांधताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरावीक प्रमाणात खर्च होतात. २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) कॅल्शियम गेलं की बरोबर २.८ डीकेएच अल्कलिनिटी जाते. टाकीत कॅल्शियम ४२० आणि अल्क ८ असेल, तर कॅल्शियम ४०० वर येईपर्यंत अल्क ५.२ वर आलेली असते. कॅल्शियमच्या किटवर हा फरक जेमतेम दिसेल आणि तुम्ही निश्चिंत राहाल, तोवर अल्कलिनिटीचा तिसरा हिस्सा संपलेला असेल. बिघाड पहिल्यांदा इथे दिसतो.

एककांचा गोंधळ लगेच मिटवून टाकू. १ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर म्हणजे २.८ डीकेएच, म्हणजेच ५० पीपीएम कॅल्शियम कार्बोनेट. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात साधारण ६.५ ते ७ डीकेएच असते. घरच्या टाकीत ७.५ ते ९ च्या दरम्यान कुठलाही एक आकडा धरा. नेमका कुठला, याला फारसं महत्त्व नाही. धरलेला आकडा टिकवायला महत्त्व आहे.

आता पाण्याबद्दल. मुंबईत या चाचणीची निम्मी गडबड नळापासूनच सुरू होते. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांतून येतं आणि ते तसं मऊ असतं. पण उन्हाळ्यात पाणीकपात लागली की सोसायटीत टँकर येतो, काही इमारतींत बोअरिंगचं पाणी टाकीत मिसळतात, आणि त्या पाण्याची अल्कलिनिटी भरपूर असू शकते. असल्या पाण्याने चाचणीची काचेची कुपी धुतली आणि तळाशी चार थेंब राहिले, तर तेही मोजले जातात. बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्याच्या जागी तेच पाणी भरत असाल, तर टाकीत रोज थोडी अल्क तुम्हीच घालत आहात, आणि चाचणी कितीही अचूक केली तरी खर्चाचा हिशेब जुळणार नाही.

स्वयंपाकघरातला आरओ आहे ना, असं बरेच जण म्हणतात. घरगुती प्युरिफायरमध्ये बहुधा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. पाण्याला चव यावी म्हणून ते थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं. प्यायला उत्तम, आपल्या कामाला नाही. टाकीसाठी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार काढून घेणारे दाणे) लावलेलं वेगळं युनिट हवं, आणि त्याच्या पाण्यात टीडीएस मीटरवर ० दिसायला हवं. तेवढं नसेल तर निदान चाचणीपुरतं डिस्टिल्ड वॉटर आणून ठेवा. पाण्याची परीक्षा सोपी आहे. टाकीच्या पाण्याऐवजी ते कुपीत घ्या, किटमधला इंडिकेटर (आम्ल पुरेसं झालं की रंग बदलणारं द्रावण) टाका आणि आम्लाचा पहिला थेंब सोडा. पहिल्याच थेंबाला रंग पालटला, तर पाणी चालेल. दोन-तीन थेंब लागले, तर ते पाणी धुण्यालाही वापरू नका.

पाण्याचा नमुना टाकीतूनच घ्यावा, सम्पमधून नको. सम्पमध्ये डोसिंगची नळी सुटते, तिथलं पाणी अजून मिसळलेलं नसतं. मी टाकीच्या मधल्या उंचीवरून कपभर पाणी काढून घेते आणि सगळ्या चाचण्या त्या कपातूनच करते. कपातलं पाणी थोडा वेळ तसंच राहिलं तरी बिघडत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेत गेला किंवा पाण्यात आला तर पीएच बदलतो, अल्कलिनिटी बदलत नाही. पाण्याची वाफ होऊ नये, एवढंच सांभाळायचं. म्हणून सकाळच्या घाईत नमुना झाकणाच्या बाटलीत भरून ठेवला आणि संध्याकाळी निवांत तपासला, तरी चालतो.

कुपी आणि सिरिंज आधी त्याच कपातल्या पाण्याने दोन-तीनदा खंगाळायची. कोरडी करत बसू नये, फडक्याचे धागे आणि साबणाचा अंश त्यातूनच येतात. प्रयोगशाळेत आम्ही पिपेट नेहमी जे द्रावण मोजायचं त्यानेच खंगाळतो. कारण आत उरलेला थेंब मग परका राहत नाही.

मी सॅलिफर्टचं किट वापरते, म्हणून आकडे त्याचे देते. पद्धत कुठल्याही थेंबांच्या किटला हीच. ४ मिली टाकीचं पाणी, त्यात इंडिकेटरचे २ थेंब, आणि मग १ मिलीच्या सिरिंजमधून थेंबथेंब आम्ल. निळसर-हिरवा रंग जाऊन नारिंगी-लाल किंवा गुलाबी आला की थांबायचं. सिरिंजमध्ये किती उरलं ते वाचून तक्त्यावरून डीकेएच काढायचं.

यात पहिली चूक होते ती ४ मिलीत. ४ ऐवजी ४.२ मिली पाणी घेतलं, तर उत्तर ५ टक्के जास्त येतं. ८ च्या जागी ८.४. एवढ्या फरकावर लोक डोस बदलतात. सिरिंजच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला की उलट घडतं. म्हणून आधी थोडं जास्त पाणी ओढा, सिरिंज उभी धरून टिचकी मारा, बुडबुडा वर आला की दट्ट्या हळूहळू रेघेपर्यंत आणा. रेघ वाचताना डोळा तिच्या पातळीत हवा. काळ्या रबराची वरची कड वाचायची की खालची, हे किटच्या कागदात पाहून एकदा ठरवा आणि मग तीच वाचा. घरात दुसरं कोणी मोजणार असेल, तर त्यालाही तीच दाखवून ठेवा.

सिरिंजच्या छापील रेघांवर मी आंधळा विश्वास ठेवत नाही. सोनार वापरतात तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा आता ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्या. खूप ठिकाणी कामाला येतो. काट्यावर रिकामी कुपी ठेवून शून्य करा, सिरिंजने ४ मिली आरओचं पाणी त्यात सोडा. आपल्याकडच्या २८ अंशांच्या आसपासच्या हवेत ते ३.९८ ग्रॅमच्या जवळ भरायला हवं. पाच-सहा वेळा करून बघा. प्रत्येक वेळी ३.८ भरत असेल, तर सिरिंज कमी देते. एकदा ३.८ आणि एकदा ४.१ भरत असेल, तर हात अजून बसलेला नाही. पहिल्याला उपाय म्हणजे केमिस्टकडून नवी सिरिंज, दुसऱ्याला सराव. मी आता सिरिंजच्या भानगडीत न पडता नमुना वजनानेच घेते. खारं पाणी जड असतं, त्यामुळे ४ मिलीसाठी ४.०९ ग्रॅम.

इंडिकेटरची बाटली थेंब सोडताना अगदी उभी धरायची. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. तोंडाशी बुडबुडा आला तर तो थेंब बेसिनमध्ये जाऊ द्या. इंडिकेटर कमी-जास्त झाल्याने अल्कलिनिटी बदलत नाही हे खरं, पण रंग फिका-गडद होतो आणि आपला डोळा वेगळ्या ठिकाणी थांबतो.

मग एंड पॉइंट, म्हणजे रंग पालटतो ती थांबायची जागा. सगळी मेहनत इथे वसूल होते किंवा वाया जाते.

आधी उजेड. टाकीचे निळे दिवे चालू असताना हॉलमध्ये बसून ही चाचणी करू नका. निळ्या उजेडात हिरवट आणि करडा रंग ओळखूच येत नाही. पिवळट बल्बखालीही नको. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पांढऱ्या ट्यूबखाली बसते. कुपीखाली पांढरा कागद आणि मागे उभा धरलेला दुसरा. दिवसाचा उजेड सर्वांत चांगला, पण पावसाळ्यात चार वाजताच अंधारून येतं, तेव्हा रोज सारखाच मिळेल असा उजेड निवडलेला बरा.

पहिलं अर्ध आम्ल भरभर सोडलं तरी चालतं. आपली अल्क ८ च्या आसपास आहे हे माहीत असतं, त्यामुळे बदल कुठे येणार याचा अंदाज असतो. तिथून पुढे एकेक थेंब, आणि प्रत्येक थेंबानंतर कुपी गोल फिरवायची, पाण्याला भोवरा पडेल इतकी. थेंब पडतो तिथे क्षणभर गुलाबी ठिपका उमटतो आणि विरतो. बदल जवळ आला की तो विरायला वेळ लागतो. मग निळा रंग मळकट होतो, करडा होतो, त्यात किंचित जांभळट झाक येते. हा करडा टप्पा नीट बघून ठेवा. बहुतेक जण इथेच फसतात. कोणी करडा दिसला की थांबतो, कोणी पूर्ण गुलाबी होईस्तोवर जातो, आणि दोघांच्या उत्तरांत अर्ध्या डीकेएचचा फरक पडतो. मी करड्या टप्प्यावरचं रीडिंग कागदावर लिहून ठेवते, मग पुढचा थेंब टाकते. गुलाबी झाला आणि दहा-पंधरा सेकंद हलवूनही टिकला, की ते उत्तर. फार वेळ हलवत ठेवलं तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि रंग जरासा परत निळ्याकडे वळू शकतो. त्याच्या मागे लागून आणखी आम्ल टाकायचं नाही.

सिरिंजवरची ०.०१ मिलीची एक रेघ म्हणजे साधारण ०.१५ डीकेएच, आणि एक अख्खा थेंब दोन-तीन रेघांचा असतो. म्हणजे शेवटचा थेंब पडला की उत्तर एकदम ०.३ ने किंवा त्याहून जास्त उडी मारतं. ही उडी कमी करायची युक्ती प्रयोगशाळेतली आहे आणि शिकायला पाच मिनिटं लागतात. दट्ट्या इतका हळू दाबायचा, की टोकाला थेंब लोंबकळतो पण पडत नाही. तो अर्धा असतानाच सिरिंजचं टोक कुपीच्या आतल्या भिंतीला टेकवायचं. थेंब काचेला चिकटतो. मग कुपी तिरकी करून पाणी त्यावरून फिरवलं की तो मिसळतो. आमच्याकडे मुलं ब्युरेटवर हे शिकतात, आणि ज्याला हे जमलं त्याचा एंड पॉइंट सहसा चुकत नाही.

याहून सूक्ष्म हवं असेल तर नमुना दुप्पट करा. ८ मिली पाणी, ४ थेंब इंडिकेटर. आम्ल दुप्पट लागेल, म्हणून सिरिंज दोनदा भरावी लागेल. एकूण खर्च झालेल्या आम्लाचा निम्मा धरून तक्ता बघा. थेंबाने पडणारी चूक निम्मी होते. किट लवकर संपतं, पण महत्त्वाच्या वेळी हा खर्च मी करते. एपीआयच्या किटमध्ये तर हे करायलाच हवं. त्यात ५ मिली पाण्यात एक थेंब म्हणजे १ डीकेएच, निळ्याचा पिवळा होईपर्यंत. १० मिली घेतलं की एक थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो. ते किट वाईट नाही, पण ०.२ चा फरक त्यात दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

आता सी.बी.आर. महाराष्ट्रात बारावी सायन्स केलेल्यांना आठवेल: कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तीन वेळा टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत असं थेंबथेंब द्रावण सोडून मोजणं) करायचं आणि दोन रीडिंग जुळली की ती धरायची. जर्नलमध्ये मुलं तिन्ही रीडिंग सारखी लिहून आणतात, तेव्हा मी त्यांना सांगते की तीन वेगळी रीडिंग खरी असतील तर त्यांची किंमत जास्त आहे. घरी तुम्हाला मार्क द्यायला कोणी बसलेलं नाही. एका संध्याकाळी कपभर पाणी घ्या आणि तेच पाणी तीन वेळा तपासा. समजा ८.६, ८.३, ८.५ आलं. मग तुमच्या हाताचा आणि या किटचा पसारा ०.३ आहे. हा आकडा किटच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवा. यापुढे सोमवारी ८.४ आणि मंगळवारी ८.२ आलं, तर टाकीत काही घडलं असं म्हणता येणार नाही.

पसारा कळला, पण सगळी रीडिंग मिळून एकाच बाजूला सरकलेली आहेत का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ज्याची अल्कलिनिटी आपल्याला पक्की माहीत आहे असं द्रावण हवं. स्टँडर्ड विकत मिळतं, पण ते घरीही होतं, आणि मला ते घरी करायला आवडतं. साहित्य म्हणजे खायचा सोडा, शून्य टीडीएसचं पाणी आणि तो ०.०१ ग्रॅमचा काटा.

सोडा म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट, नव्या बंद पाकिटातला. बेकिंग पावडर नको, त्यात आम्ल आणि स्टार्च असतो. फ्रूट सॉल्ट नको. धुण्याचा सोडाही नको, तो कार्बोनेट आहे आणि त्याचा हिशेब वेगळा. गॅसच्या शेगडीजवळ महिनोन्‌महिने उघडा राहिलेला डबाही नको. उष्णतेने बायकार्बोनेटचं थोडं थोडं कार्बोनेट होतं आणि दर ग्रॅममागे अल्कलिनिटी वाढते.

२.५२ ग्रॅम सोडा मोजा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ किलो पाणी घ्या आणि सोडा त्यात पूर्ण विरघळवा. हे झालं तीव्र द्रावण. त्यातलं १०० ग्रॅम दुसऱ्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि त्यात पाणी घालून एकूण १ किलो करा. झालं ३ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर, म्हणजेच ८.४ डीकेएचचं स्टँडर्ड. हिशेब असा की बायकार्बोनेटचा रेणुभार ८४ आहे, त्यामुळे लिटरमध्ये ८४ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलीइक्विव्हॅलंट, आणि आपल्या बाटलीत लिटरला २५२ मिलिग्रॅम आहे. थेट पाव ग्रॅम मोजायला जाऊ नका. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ०.२५ मोजताना एका आकड्याची चूक ४ टक्क्यांची होते, २.५२ मोजताना तीच अर्ध्या टक्क्याहून कमी. दोन पायऱ्या त्याचसाठी आहेत. बाटली झाकण घट्ट लावून, तारीख लिहून कपाटात ठेवा. महिन्याभराने नवं करा.

हे स्टँडर्ड टाकीच्या पाण्यासारखंच तीन वेळा तपासा. समजा ८.८, ८.६, ८.९ आलं. सरासरी ८.८ च्या जवळ. खरं उत्तर ८.४ आहे. म्हणजे किटमधलं आम्ल ठरल्यापेक्षा थोडं सौम्य आहे किंवा तुमचा डोळा जरा पुढे थांबतो. ८.४ भागिले ८.८ म्हणजे ०.९५. यापुढे टाकीचं रीडिंग ०.९५ ने गुणा. टाकी ८.३ दाखवत असेल तर ती खरी ७.९ आहे. वजाबाकी न करता गुणायचं, कारण आम्लाच्या तीव्रतेतली चूक रीडिंगच्या प्रमाणात वाढते. साध्या पाण्यातल्या स्टँडर्डचा शेवटचा रंग खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित वेगळा दिसतो, त्याने गोंधळून जाऊ नका. करडा येऊन पुढे गुलाबी होतो, तेच बघायचं.

हॅनाचा छोटा मीटर वापरणाऱ्यांना वाटतं की आपण या सगळ्यातून सुटलो. रंग ओळखायचा त्रास वाचतो, हे खरंच आहे, आणि ज्यांना लाल-हिरवा भेद नीट दिसत नाही त्यांनी तोच घ्यावा. पण डीकेएच दाखवणाऱ्या त्या मीटरची कंपनीनेच दिलेली अचूकता ±०.३ डीकेएच आणि वर रीडिंगच्या ५ टक्के आहे. ८ वर हे मिळून ०.७ होतं. पडद्यावर दिसणारा दशांश तेवढा पक्का नसतो. त्यात १० मिली पाणी आणि १ मिली रिएजंट लागतं, आणि दोन्ही मोजणं पुन्हा आपल्याच हातात. क्युव्हेटला (मीटरमध्ये ठेवायच्या कुपीला) बोटांचा ठसा, ओला थेंब, आत चिकटलेला बुडबुडा, यातलं काहीही प्रकाश अडवतं. मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा, आणि क्युव्हेटवर मार्करने एक खूण करून ती दर वेळी त्याच दिशेला ठेवा. शून्य करताना आणि मोजताना क्युव्हेट तीच असावी. सोड्याचं घरगुती स्टँडर्ड या मीटरला देऊ नका, तो खाऱ्या पाण्यासाठी जुळवलेला आहे. त्याच्यासाठी समुद्री पाण्याचं तयार स्टँडर्ड घ्या.

किट ठेवायची जागा मुंबईत विचार करून निवडावी लागते. टाकीखालच्या कपाटात सोय होते, पण तिथे सम्पची वाफ आणि पंपांची ऊब असते. आम्लाच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं, तर त्यातलं पाणी उडून आम्ल तीव्र होतं आणि रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येऊ लागतं. माणसाला वाटतं टाकी जास्त खायला लागली, आणि तो डोस वाढवतो. माझं किट आतल्या खोलीत, झाकणाच्या डब्यात, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर असतं. विकत घेताना डब्यावरची मुदत दुकानातच वाचावी. ऑनलाइन मागवलं तर डबा आल्याबरोबर वाचावी.

वेळ ठरवून घ्या. दिवे चालू असताना चुना बांधण्याचं काम जोरात चालतं, दिवे मालवल्यावर मंदावतं. पंप रात्री डोस देत असेल तर सकाळी आकडा वर असतो, संध्याकाळी खाली. दोन्ही खरे आहेत, पण त्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. माझी वेळ रविवारी सकाळी दिवे लागायच्या आधीची. पाणी बदलल्याच्या दिवशी मोजत नाही. मिठाच्या काही पिशव्यांतलं ताजं पाणी ७-८ डीकेएचचं असतं, काहींतलं ११-१२ चं. ८ च्या टाकीत १२ चं १५ टक्के पाणी घातलं की ती ८.६ वर जाते, आणि तेवढ्याने आठवड्याचा हिशेब पुसला जातो. नवी पिशवी उघडली की त्या मिठाचं पाणी ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग मीठ) मिसळून एकदा तपासून ठेवा.

क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, अल्कलिनिटीच्या जोडीनेच लिहा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा लावून टाकी गार ठेवली की पाणी भराभर उडतं. ३५ पीपीटीची टाकी ३७ वर गेली, तर काहीही न घालता ८ चं ८.४५ होतं. पाणी भरल्यावर ते परत उतरतं आणि खर्च वाढल्यासारखं दिसतं. क्षारता ३५ ला आणल्याशिवाय मी अल्कलिनिटी तपासायला बसतच नाही.

आमच्याकडे नोंदवही सासूबाईंकडे असते. त्या तारीख, वेळ, क्षारता, करड्या टप्प्याचं रीडिंग, गुलाबीचं रीडिंग आणि किटचा क्रमांक लिहितात. मी मोजत असते तेव्हा मागच्या रविवारचा आकडा त्या मला सांगत नाहीत. मी विचारलं तरी म्हणतात, "आधी तू तुझं सांग." हे फार मोलाचं आहे. आकडा माहीत असला की डोळा तिथेच थांबायला बघतो, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी.

खर्च काढायचा असेल तेव्हा तीन-चार दिवस डोस बंद ठेवून रोज त्याच वेळी मोजा, आणि पहिल्या व शेवटच्या दिवशी दुप्पट नमुन्याने तीनदा. आधी ८.५ आणि चार दिवसांनी ७.७ आलं, तर ०.८ भागिले ४, म्हणजे रोज ०.२. हा फरक तुमच्या पसाऱ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून तो मानायचा. मग डोस ठरवणं सोपं आहे. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. माझ्या १६० लिटरला ४.८ ग्रॅम, आणि रोजच्या ०.२ साठी जेमतेम १ ग्रॅम. आरओच्या पाण्यात विरघळवून, जोरात प्रवाह असेल तिथे हळू सोडायचा. आकडा फार खाली गेलेला सापडला तरी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. आणि एकाच रीडिंगवर एवढं खाली गेलं असं दिसलं, तर सोड्याला हात लावण्याआधी स्टँडर्ड तपासा. ते ८.४ च्या जागी ७.५ दाखवत असेल, तर टाकी नाही, किट बिघडलं आहे.

किट संपत आलं की नवं आधीच आणून ठेवा, जुन्यात चार-पाच चाचण्यांचं आम्ल शिल्लक असतानाच. एकाच कपातलं पाणी दोन्हींनी तपासा, स्टँडर्डही दोन्हींनी. वहीत त्या दिवशी दोन ओळी येतात, जुन्याची आणि नव्याची, प्रत्येकीपुढे तिचा गुणक. पुढच्या रविवारपासून नव्याचा गुणक लागू.